मशिन बंद, दाब सुरूच

मला इथं बोलावलं ते कवी म्हणून. 'तुमच्या आवडीचा कुठलाही विषय घ्या,' असा निरोप होता. मी म्हटलं, मग रंग मारायच्या मशिनवर बोलतो. फोनवर पलीकडे जरा शांतता झाली. मग विचारणा झाली, "म्हणजे प्रतीक म्हणून का?" मी म्हटलं, "नाही हो, खरंखुरं मशिन. बिघडतं ते."

त्याचं असं आहे, कवितेवर माझं घर कधी चाललं नाही. ते चाललं रंगावर. माझे अब्बा जुन्या नाशकात रंगारी होते. चुना, डिस्टेंपर, ऑइल पेंट. ईदच्या आधी घरं, दिवाळीच्या आधी घरं, लग्नसराईत घरं. मी बी.ए. झालो, दोन वर्षं नोकरीच्या अर्जांत घालवली, दुपारी सार्वजनिक वाचनालयात बसून कविता वाचल्या आणि शेवटी अब्बांच्या मागून परांचीवर चढलो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या शेड, गंगापूर रोडचे बंगले, निफाड-पिंपळगावकडची द्राक्षांची पॅकहाउसं अशा पुष्कळ भिंतींना तीस वर्षांत माझा हात लागला. त्यातल्या मोठ्या भिंतींना आता हात लागतो तो मशिनचा. 'एअरलेस' म्हणतात त्याला.

हे मशिन आता दिवसाच्या भाड्यानंही मिळतं. सकाळी टेम्पोत टाकून आणायचं, संध्याकाळी परत द्यायचं. सोबत एक इंग्रजी पुस्तिका असते. ती बहुधा खोक्याच्या तळाशी, रंगाच्या डागांत चिकटून बसलेली असते. पहिल्याच पानांवर त्यात धोक्याच्या सूचना छापलेल्या असतात. पण गन ज्याच्या हातात असते तो पोरगा सातवी-आठवी शिकलेला. त्याला इंग्रजी कोण वाचून दाखवणार? मालकाला घाई, मुकादमाला घाई. सिंहस्थाचं वर्ष आलं की तर आमच्या नाशकात रंगाची कामं एकदम निघतात. २०१५च्या आधी ते पाहिलं, २०२७च्या सिंहस्थालाही वेगळं होणार नाही. म्हणून त्या पुस्तिकेतलं जे कामाचं आहे ते आज मराठीत सांगतो. रंगारी बांधवांनी ऐकावंच, पण ज्यांच्या घराला रंग लागायचा आहे त्यांनीही ऐकावं. कारण अपघात झाला तर तो तुमच्याच अंगणात होणार आहे.

आधी हे मशिन करतं काय ते पाहू. जुन्या कंप्रेसरच्या गनमध्ये हवा रंगाला उचलून भिंतीवर नेते. इथं हवा नाही, म्हणून नाव एअरलेस. बादलीत एक नळी सोडलेली असते, तिच्या टोकाला जाळी. मोटर पिस्टन वर-खाली करते. पिस्टन रंग ओढतो आणि लांब होस पाइपात दाबून भरतो. पाइपाच्या शेवटी गन, गनच्या तोंडाशी टिप. त्या टिपचं भोक एवढं बारीक, की सुई कशीबशी जाईल. तेवढ्यातून जबर दाबाचा रंग बाहेर पडताना त्याचं धुकं होतं आणि पंख्यासारखं पसरतं.

दाब किती? मोटारीच्या चाकात आपण हवा भरतो ती तीस-पस्तीस पौंड. या पाइपात दोन हजार ते तीन हजार पौंड असतात. चाकाच्या जवळजवळ शंभरपट. आणि माणसाची कातडी भेदायला शंभर पौंडसुद्धा पुरतात. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण आता जे सांगणार आहे ते या हिशेबाचंच आहे.

महाराष्ट्रात भारनियमनाचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. सातपूरला एका शेडच्या लोखंडी कैच्यांना इनॅमल मारत होतो. मशिन नवं, आम्हीही त्याला नवे. टिप सकाळपासून अधूनमधून अडत होती. दुपारी दोनला वीज गेली. मशिनचा आवाज थांबला, पंखे थांबले, शेडमध्ये एकदम शांत झालं. मी हेल्परला म्हणालो, "वीज येईस्तोवर टिप साफ करून ठेव." एवढंच म्हणालो आणि चहा सांगायला गेलो.

त्यानं गन उचलली. टिपवर साठलेला रंग डाव्या हाताच्या बोटानं पुसायला गेला आणि उजव्या हातानं चाप दाबला गेला. मशिन बंद होतं हो. पण पाइपात कोंडलेला दाब कुठं गेला होता? तो तिथंच बसून होता.

मी परत आलो तर हा बोट चोळत उभा. "चाचा, काही नाही, टोचलं फक्त." तर्जनीवर टाचणी टोचल्याएवढं भोक. रक्तसुद्धा नीट नाही. दुखतही नव्हतं फारसं. जवळच्या दवाखान्यात नेलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. त्या डॉक्टरांना तरी काय बोलू? 'काहीतरी टोचलंय' एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. रात्री बोट सुजून टम्म झालं, रंग पालटला, पोरगा वेदनेनं भिंतीवर डोकं आपटायला लागला. सकाळी मोठ्या रुग्णालयात हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?" मी म्हणालो, काल दुपारी दोनला. ते पुढं काही बोलले नाहीत. बोट चिरून पाहिलं तेव्हा थिनर घातलेला तो रंग आत तळव्यापर्यंत पोचला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी तर्जनीचं वरचं पेर काढावं लागलं. पोरगा एकोणीस वर्षांचा होता.

मशिनचा दोष म्हणावा तर मशिन जसं बनवलंय तसंच वागलं. दोष माझा होता. 'साफ कर' म्हणालो, त्याआधी 'दाब सोड' म्हणालो नाही.

म्हणून बिघाड कुठलाही असो, दुरुस्तीची पहिली पायरी एकच. सगळ्यात आधी मशिन बंद करा आणि प्लग काढा. मग दाब सोडायचा व्हॉल्व्ह उघडा, म्हणजे पाइपातला दाब परतीच्या नळीनं बादलीत उतरतो. त्यानंतर गनचं तोंड बादलीत धरून चाप दाबा, राहिलेला दाबही निघून जाऊ द्या. शेवटी चापाचा खटका लावा. एवढं झाल्यावरच टिपला, गनला, पाइपाला हात लावायचा. बोट टिपसमोर कधीच आणायचं नाही, हातमोजा असला तरी नाही. हातमोजा हा दाब अडवू शकत नाही. टिप पार तुंबलेली असेल तर चाप दाबूनही दाब उतरलेला नसतो. अशा वेळी टिपचं कडं अगदी सावकाश ढिलं करायचं, दाब निघू द्यायचा आणि मगच ते पूर्ण काढायचं.

आणि एवढं करूनही टोचलंच तर 'टोचलं' म्हणू नका. 'तीन हजार पौंडाच्या दाबानं रंग अंगात गेलाय' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रंगाचा डबा सोबत न्या, आत काय गेलंय ते त्यांना कळलं पाहिजे. जिथं हाताची शस्त्रक्रिया होते अशाच रुग्णालयात न्या. सुजेची, दुखण्याची वाट पाहू नका. पहिल्या सहा तासांना फार किंमत असते. पाण्याच्या रंगापेक्षा ऑइलचा रंग आणि थिनर आत जास्त नासधूस करतात, पण पाण्याचा रंग आहे म्हणून घरी थांबायचं असंही नाही.

आता बिघाडांकडे वळतो. पुष्कळ जण मशिन अडलं की थेट पंप उघडायला घेतात. अब्बांचं एक म्हणणं होतं, "नळाला शिव्या देण्याआधी पाणी कुठून येतं ते बघ." रंग ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं आपण चालत जायचं, बादलीपासून टिपपर्यंत. सोपं आणि स्वस्त ते आधी तपासायचं.

सगळ्यात नेहमीची तक्रार ही, की मोटर चालते पण रंग ओढला जात नाही. बादलीत रंग पुरेसा आहे का, नळीचं तोंड बुडलंय का, हे आधी पाहा. हसू नका, निम्म्या वेळा तेच असतं. मग जाळी पाहा. डब्यात वर साय धरलेली असते, ती तुकडे होऊन जाळीवर बसते. म्हणून रंग नायलॉनच्या कापडातून गाळल्याशिवाय बादलीत ओतायचाच नाही. जाळी साफ असेल तर संशय घ्यायचा आत शिरण्याच्या तोंडाशी बसवलेल्या पोलादी गोळीचा. गोळी वर उठली की रंग आत येतो, खाली बसली की परत जात नाही. आदल्या कामाचा रंग सुकला की ती जागेवर चिकटते. काही मशिनांना ती सुटी करायला खाली बटण असतं. नसेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं बाहेरून हलक्या हातानं ठोकायचं. हातोडा नको.

दुसरी तक्रार अशी, की रंग येतो पण दाब धरत नाही, गन सुरू केली की जोर पडतो. इथं एक सोपी परीक्षा आहे. गनचा चाप सोडा आणि मशिनकडे कान द्या. दाब भरला की पिस्टन थांबला पाहिजे. चाप बंद असूनही पिस्टन चालतच राहिला तर दाब कुठून तरी निसटतोय. परतीच्या नळीतून रंग ठिबकतोय? मग दाब सोडायचा व्हॉल्व्ह झिजलाय. पिस्टनच्या वरच्या नटाशी रंग दिसतोय? मग पॅकिंग गेलंय. बाहेर कुठंच काही दिसत नाही? मग आतली गोळी नीट बसत नाहीये, तिच्याखाली कचरा अडकलाय. आणि पिस्टन व्यवस्थित थांबतोय, तरीही फवारा मरतोय, तर पंपाला हात लावू नका. पुढं चला. पंपाची गाळणी आणि गनच्या मुठीतली गाळणी तुंबली असेल, नाहीतर टिप झिजून भोक मोठं झालं असेल.

यावरून आठवलं. निफाडकडच्या एका पॅकहाउसचं काम होतं. डिसेंबरचा महिना, तिकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहेच. मशिन मधेच थुंकायचं, मधेच दम सोडायचं. मला वाटलं, थंडीनं रंग घट्ट झालाय. तसा तो होतोही, बादल्या सकाळी उन्हात ठेवाव्या लागतात. पण ऊन चढलं तरी तेच. मेकॅनिक बोलावला. त्यानं पंप उघडला, पॅकिंग बदललं, पैसे घेऊन गेला. पुन्हा तेच. सहा माणसं बसून, सहा माणसांची हजेरी अंगावर. दुसऱ्या दिवशी अब्बा सहज म्हणून आले होते. सत्तरी ओलांडलेली, मशिनला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. बादलीकडे पाहत म्हणाले, "रंग उकळतोय का रे?" परतीच्या नळीतून रंगासोबत बुडबुडे येत होते. म्हणजे ओढणाऱ्या नळीत कुठून तरी हवा शिरत होती. जोड उघडला तर आतला वायसर दबून चपटा झालेला. काही रुपयांचा वायसर. दोन दिवस आम्ही पंपात शोधत होतो आणि बिघाड बादलीशेजारी होता. तेव्हापासून माझा नेम आहे, फवारा थुंकायला लागला की आधी परतीच्या नळीत बुडबुडे आहेत का ते पाहायचं.

तिसरी तक्रार भिंतीवर दिसते. पट्ट्याच्या दोन्ही कडांना रंगाच्या जाड रेघा उठतात, मध्ये विरळ. आम्ही त्यांना शेपट्या म्हणतो. शेपट्या दिसल्या की पोरं लगेच रंगात पाणी ओततात. मग रंग झाकत नाही आणि दोनच्या जागी तीन हात मारावे लागतात. शेपटीचा अर्थ साधा आहे, या टिपला आणि या रंगाला दाब कमी पडतोय. कमी दाबावर सुरुवात करा, शेपट्या जाईपर्यंत थोडा थोडा वाढवा आणि गेल्या की थांबा. त्यापुढचा दाब नुसतं धुकं उडवतो आणि टिप लवकर झिजवतो. पूर्ण दाबावरही शेपट्या राहिल्या तर गाळण्या पाहा, टिप पाहा, एक नंबर लहान टिप लावून पाहा. पाणी सगळ्यात शेवटी, आणि तेही डब्यावर लिहिलंय तेवढंच.

टिपच्या नंबराचं कोडं पुष्कळांना सुटत नाही. समजा ५१७ लिहिलंय. पहिल्या आकड्याची दुप्पट करा, पाच दुणे दहा. भिंतीपासून बारा इंचांवर गन धरली तर पट्टा दहा इंचांचा पडेल. पुढचे दोन आकडे भोकाचे, इंचाचे सतरा हजारांश. दहा इंचांचा पट्टा साडेसातवर आला की टिप बदलायची. झिजलेली टिप रंग जास्त पिते, त्यामुळे टिपचे वाचवलेले पैसे रंगात जातात. टिप अडली तर ती पिनेनं कोरायची नाही, भोक बिघडतं. आधी खटका लावायचा, टिपची मूठ उलटी फिरवायची, खटका काढून बादलीच्या आतल्या कडेवर एक फवारा सोडायचा. मग पुन्हा खटका लावून टिप सुलटी करायची. अडलेला कण निघून जातो. नाहीच निघाला तर दाब सोडायचा, टिप काढायची आणि मऊ ब्रशनं धुवायची.

चौथी तक्रार, मोटर गुरगुरते किंवा मधेच बंद पडते. पंपाला दोष देण्याआधी वायर पाहा. शंभर फुटांवरून बारीक वायर ओढलेली असेल तर मोटरपर्यंत पुरेसं व्होल्टेज पोचतच नाही, ती तापते. लांब जायचं असेल तर विजेची वायर वाढवू नका, रंगाचा पाइप वाढवा. वायर जाड आणि अर्थिंगची घ्या. एवढं करूनही मोटर फिरेना तर कार्बन झिजलेत का ते वायरमनकडून पाहून घ्या.

आणि हे सगळे बिघाड मुळात जन्माला येतात ते आदल्या संध्याकाळी. काम संपलं, अंधार पडला, मशिन तसंच ठेवलं की सकाळी गोळी चिकटणारच. पाण्याचा रंग असेल तर गनमधून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवायचं. पण पाणी आत ठेवून मशिन ठेवायचं नाही, गंज चढतो. शेवटी पंपात टर्पेंटाईन किंवा पंपाचं तेल फिरवून ठेवायचं. ऑइल पेंट असेल तर आधी टर्पेंटाईननं धुवायचं. असं धुताना दाब कमी ठेवायचा, टिप काढून ठेवायची, बादली लोखंडी घ्यायची आणि गन तिच्या कडेला टेकवून धरायची. वेगानं जाणाऱ्या द्रवामुळे स्थिर वीज साठते, ठिणगी पडू शकते. दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास कुणाच्या ओठांत बिडी नको. पिस्टनच्या वरच्या नटात रोज तेलाचे चार थेंब टाकले की पॅकिंग पुष्कळ टिकतं.

मशिन आलं तेव्हा अब्बा म्हणाले होते, "हे चार माणसांची भाकर खाणार." काही अंशी ते खरं झालं. मोठ्या शेडला पूर्वी दहा माणसं लागायची, आता पाच लागतात. पण उरलेल्या पाचांच्या हातात तीन हजार पौंडांचा दाब आला आहे आणि तो कसा हाताळायचा, हे त्यांच्या भाषेत त्यांना कुणी सांगितलेलं नाही. कुंचल्याला सूचनांची पुस्तिका लागत नव्हती. कुंचला खाली ठेवला की काम थांबलेलं असायचं. हे मशिन खाली ठेवलं तरी थांबलेलं नसतं.

तो पोरगा? तो आता पोरगा राहिलेला नाही. माझ्याकडेच मुकादम आहे, त्याची पोरं शाळेत जातात. बोट गेल्यावर तो काम सोडेल असं मला वाटलं होतं, मीही त्याच्या डोळ्यांना डोळा देत नव्हतो. तीन महिन्यांनी तो आपणहून आला. म्हणाला, "चाचा, मशिन मीच चालवीन. बाकीच्यांना त्याची भीती ठाऊक नाही." आजही कामावर वीज गेली, की अंधारात सगळ्यात आधी त्याचा आवाज येतो, "दाब सोडा रे!" मग व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज, बादलीत रंग पडल्याचा आवाज. त्यानंतरच चहा.

तुमच्या घरी, सोसायटीत, कारखान्यात हे मशिन आलं तर एक करा. कुणी गनला हात लावताना दिसला, की त्याला विचारा, "दाब सोडलास का?" तो म्हणेल, 'साहेब, मशिन बंदच आहे.' तरी पुन्हा विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)